रोगाचं स्थलांतर

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं नाही, ही पंडिताची खोड जुनी, आणि बाईंची तक्रारही तितकीच जुनी. लहानपणी दूध प्यायलास का विचारलं तर पोरगं निदान हो किंवा नाही म्हणायचं. पुढे कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागला आणि तेवढंही गेलं. आता काहीही विचारा, स्वारी आधी त्या शब्दाच्या खापरपणजोबाला भेटून येई. "येताना पाव आणलास का रे?" म्हणावं, तर म्हणे, "आई, कंपनी हा शब्द कुठून आला माहितीय? फ्रेंचांकडून. एका पावात वाटेकरी असलेली माणसं, ती कंपनी."

"आणि पाव?"

"विसरलो."

"मग आपली कंपनी आज उपाशी," असं म्हणून बाई तांदूळ धुवायला घेत.

पंडित हे नाव बाईंनीच ठेवलेलं, आणि ते काही कौतुकानं नव्हे. दर रविवारी पेपरच्या पुरवणीत त्याचं सदर येई. इंग्रजीतले शब्द फ्रेंचातून कसे आले, जुन्या ग्रीकातून कसे आले, त्यांचे मूळ अर्थ काय, असलं सगळं. गल्लीतली चार माणसं ते वाचून दारात येत आणि वा वा करून जात. बाई पुरवणी उलटीसुलटी करून पाहत आणि डबे पुसायला घेत. त्यांची शाळा दुसरीत सुटली होती. एकटं सोडलं तर अक्षराला अक्षर जोडून त्या वाचू शकत, पण कुणी बघत असताना वाचायची त्यांची तयारी नसे.

घर वर होतं, खाली पुस्तकबांधणीचा कारखाना. बाईंचा नवरा बाइंडर. साऱ्या गल्लीला तो बाइंडर म्हणूनच ठाऊक. तो पुठ्ठे चढवी, कडा कापी. बाई खळ शिजवत आणि जुजा शिवत. जुज म्हणजे छापील कागदाची दुमडलेली घडी. अशा घड्या एकावर एक ठेवून दोऱ्यानं शिवल्या की पुस्तक होतं. पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, त्यावरून क्रम लावायचा. चाळीस वर्षांत बाईंच्या हातून एक जुज उलटी शिवली गेली नव्हती. चार चार पदव्यांची माणसं आपली पुस्तकं काखेत मारून त्यांच्या दारात उभी राहत, आणि "मंगळवारी या" म्हटलं की मंगळवारीच येत. अशा बाईनं कुणाला एकच गोष्ट दोनदा विचारावी? त्या एकदाच विचारत. नाही कळलं तरी मान हलवत, आणि मग सुईदोरा हातात घेऊन आपल्या अकलेनं त्याचा अर्थ लावत. आजवर ते निभावलं होतं.

बाइंडर मात्र साधा माणूस. त्याला लेकाचे शब्द आवडत. गेल्या वर्षी त्याच्या आतड्यात गाठ निघाली, वीतभर आतडं कापून काढावं लागलं. तेव्हा पंडितानं त्याला खाटेवर सांगितलं होतं, "बाबा, सर्जन हा शब्द ग्रीकांचा, फ्रेंचांच्या हातून इंग्रजीत आलेला. हातानं काम करणारा, एवढाच अर्थ." बाइंडरनं खळीनं भेगाळलेले दोन्ही हात वर केले. "मग मीही सर्जनच की. फक्त माझे पेशंट ओरडत नाहीत."

सलाईन लावायला आलेली नर्सही हसली होती.

वर्ष बरं गेलं. मग कंबर धरायला लागली. बाइंडर आधी म्हणाला वाकून वाकून धरली असेल, मग म्हणाला गादी बदलू, आणि एके दिवशी पुठ्ठ्यांचा गठ्ठा उचलताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पुन्हा इस्पितळ, पुन्हा फोटो, रक्त, बाटल्या. चौथ्या दिवशी सकाळी निकाल घ्यायला तिघं गेली.

डॉक्टरीण तरुण होती आणि घाईत होती. बाहेर बाकावर वीस माणसं बसलेली. तिनं पंडिताला दाराशी बोलावलं, कागद त्याच्या हातात दिला आणि इंग्रजीत भराभर बोलली. बाई आत, पडद्याशी उभ्या. बाइंडर तपासणीच्या टेबलावर बसून शर्टाची बटणं लावत होता. त्याला वरचं बटण काही केल्या लागेना म्हणून बाईंनी ते लावून दिलं, आणि तेवढ्यात पंडित आत आला.

"काय म्हणाली?"

"मेटास्टॅसिस."

"ते काय असतं?"

पंडितानं बापाकडे पाहिलं, मग कागदाकडे. "ग्रीक शब्द आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात वर्गातला सूर आला. "मेटा म्हणजे पलीकडे. स्टॅसिस म्हणजे उभं राहणं. एका जागेवरून उठून दुसरीकडे उभं राहणं. जागा बदलणं. स्थलांतर म्हण."

"कशाचं स्थलांतर?"

"रोगाचं."

बाईंनी पंडिताची बाही धरली. "म्हणजे होता तिथून गेला?"

"हं," पंडित म्हणाला. "होता तिथं आता नाही."

"भाडेकरू खोली सोडून जातो तसा?"

पंडितानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तसंच काहीसं."

बाईंनी मान हलवली. हा एक शब्द उलगडायला त्यांना सुईदोराही लागला नाही. मागच्या खोलीतला भाडेकरू गेला तो दिवस त्यांच्या लक्षात होता. खाट गेली, स्टोव्ह गेला, भिंतीत चार खिळे राहिले आणि स्टोव्ह होता तिथं एक काळा गोल. कंबर दुखते ती त्या खिळ्यांमुळे, त्यांनी ठरवलं. खिळेही निघतील.

"ऐकलंत का?" त्या बाइंडरला म्हणाल्या. "गेला मेला."

बाइंडर टेबलावरून उतरला. "कुठं गेला म्हणे?"

"गेला ना? मग कुठं का जाईना! त्याचा पत्ता घेऊन काय पत्र टाकायचंय?"

बाइंडर हसला. पंडित औषधांची चिठ्ठी घेऊन पुढे झाला, आणि रस्ता ओलांडेपर्यंत त्यानं मागं पाहिलं नाही.

थोरली लेक लांब होती. डब्यांत मासे भरायच्या कारखान्यात कामाला. एक दिवस बस, दोन दिवस आगगाडी, एवढ्या अंतरावर. वर्षाला वीस दिवसांची एकच रजा, आणि ती कधी घ्यायची ते आधी लिहून द्यावं लागे. त्याच आठवड्यात दुपारी तिचा फोन आला. बाई शिवायला बसल्या होत्या. पंडित टेबलाशी लाल पेन घेऊन आपला लेख तपासत होता.

"आई, रजेचा कागद आलाय. आत्ता टाकू की सहा महिन्यांनी? बाबांचं खरं सांग. आत्ता यायला हवं असेल तर आत्ता येते."

"खरंच सांगतेय. रोग गेला त्यांचा. स्थलांतर झालं."

"काय झालं?"

"अगं, हलला तिथून. डॉक्टरणीनं लिहून दिलंय, तुझ्या भावानं वाचलंय. आत्ता येऊन काय करशील? शाळांच्या वह्यांचं काम पडलंय, घरात कागदाचे ढीग, झोपायला जागा नाही. सहा महिन्यांनी ये. बाप तुला स्टेशनवर घ्यायला येईल."

बोलता बोलता बाईंना दिसलं, पंडितानं डोकं वर केलं होतं. त्यांनी फोनवर हात ठेवला. "काय रे, बरोबर सांगतेय ना?"

लाल पेनाचं टोपण त्यानं लावलं, काढलं. "तुला योग्य वाटेल तसं सांग."

बाईंनी तसंच सांगितलं.

जेवताना बाइंडर म्हणाला, "थोरली आत्ता आली असती तर बरं झालं असतं."

"येईल की. कुठं पळून जातोय आपण?"

त्यानंतरचे तीन महिने बाईंना पुढे कधीच विसरता आले नाहीत. रोग गेलेल्या माणसाला जसं वागवावं, तसं त्यांनी बाइंडरला वागवलं. तो खाटेवर पडून राहिला की त्या म्हणत, "लाड पुरे. पडून पडून माणूस गंजतो." दिवसातून चार वेळा त्याला जिना उतरायला लावत, चार वेळा चढायला. तो मधल्या पायरीवर कठडा धरून थांबे, ओठ पांढरे होत. वरून बाई म्हणत, "या, या. पायऱ्या काही तुमच्याकडे येणार नाहीत." तो येई. कडा कापायच्या यंत्रापाशी त्या त्याला उभं करत. हँडल ओढताना तो हुंकार दाबी, आणि दाबलेला हुंकार ऐकून बाईंना वाटे, येतंय, बळ येतंय.

पंडिताचं घरात असणं कमी होत गेलं. कॉलेजात परीक्षा आहेत म्हणे. बापासाठी गोळ्या मात्र वेळेवर आणी, आणि त्या दर वेळी आधीपेक्षा महाग आणि मोठ्या असत.

"एवढ्या कशाला रे आता?" बाईंनी एकदा विचारलं.

"असू देत," तो म्हणाला. या वेळी त्यानं गोळीच्या नावाचं मूळही सांगितलं नाही. बाईंना तेव्हाच खटकायला हवं होतं.

मग एका सोमवारी सकाळी बाइंडर खाटेवर कूस बदलायला गेला आणि मांडीचं हाड मोडलं. पडला नाही, आपटला नाही, नुसती कूस बदलली. वाळली काडी मोडावी तसा आवाज बाईंनी स्वयंपाकघरात ऐकला.

इस्पितळात हाडांचे डॉक्टर म्हातारे होते. पंडित कॉलेजातून यायचा होता, म्हणून त्यांनी फोटो उजेडावर धरून बाईंनाच दाखवला. बाईंना कुणी फोटो दाखवायची ही पहिलीच वेळ.

"हे बघा. हे हाड असं भरीव हवं. इथं पोकळ झालंय. इथंही. कंबरेत इथं, इथं आणि इथं."

"कशानं?"

"गाठीचाच रोग. आतड्यातून हाडांत आलाय. यकृतातही आहे."

"तो तर गेला होता."

डॉक्टरांनी फाइल चाळली. "गेला होता? कोण म्हणालं? तीन महिन्यांपूर्वीच लिहिलंय इथं, पसरलाय म्हणून. मुलाला समजावून सांगितलं, अशी नोंद आहे."

"तो म्हणाला, स्थलांतर."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "शब्द बरोबर आहे हो, बाई," ते हळू म्हणाले. "पण माणूस त्यातून काय समजेल! गेला नाही. वाढला."

बाई आयुष्यात पहिल्यांदा तीच गोष्ट पुन्हा विचारत्या झाल्या. "म्हणजे तेव्हाच कळलं होतं? तीन महिन्यांपूर्वीच?"

"हो."

"किती दिवस आहेत?"

"आठवडा म्हणा. कमीच."

त्यांनी तिथूनच, इस्पितळाच्या जिन्याखालच्या फोनवरून, थोरलीला फोन लावला. मुकादमानं तिला कामावरून बोलावून आणेपर्यंत बाई यंत्रांची घरघर ऐकत उभ्या राहिल्या. "नीघ," एवढंच त्या म्हणाल्या. थोरलीनं काय झालं विचारलं नाही. "शुक्रवार होईल, आई," ती म्हणाली. "उद्या पहाटेची बस धरली तरी शुक्रवारच होईल."

बाइंडरला गुंगीचं औषध सुरू झालं होतं. शुद्ध येई तेव्हा तो खोलीत डोळे फिरवी. मंगळवारी त्यानं बाईंचा हात चाचपला. "थोरली?"

"निघालीय. वाटेत आहे."

"मी विचारत होतो ना," तो म्हणाला. त्याला श्वास पुरेना. "कुठं गेला, म्हणून."

ज्या बाईच्या तोंडाला गल्ली भीत असे, ती नवऱ्याच्या पांघरुणाची कडा नुसती सरळ करत राहिली.

गुरुवारी दुपारी, भेटायच्या वेळेत, बाइंडर गेला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची नातवंडं डबा उघडून बसली होती. पंडित पायथ्याशी उभा होता. तो रडला, चांगला हुंदके देऊन रडला, आणि बाईंनी त्याला जवळ घेतलं नाही. थोरलीला तोंड दिसावं म्हणून बाइंडरला इस्पितळाच्या थंड खोलीत ठेवून ती दोघं घरी आली.

शुक्रवारी सकाळी समोरचा चष्मेवाला भेटायला आला. चांगला माणूस, पण बोलायला लागला की थांबणं त्याला जमत नसे.

"वहिनी, आम्हाला तर तेव्हाच कळलं होतं. लेख वाचला आणि डोळ्यांत पाणीच आलं. बायकोला म्हटलं, काही बोलू नकोस हं त्यांच्यासमोर, वहिनींना माहीत नाही."

"कुठला लेख?"

चष्मेवाला चहा न घेताच उठला.

पंडिताची कात्रणं त्याच्या खोलीत खोक्यात असत, तारखेवार. बाईंनी खोकं खाली आणलं आणि शिवणीच्या टेबलावर ओतलं. क्रम लावायचं काम त्यांच्या हाताला नवं नव्हतं. तीन महिन्यांपूर्वीचे रविवार त्यांनी वेगळे काढले आणि मथळ्यावरून बोट फिरवत गेल्या. एक नव्हे, दोन नव्हे, तिसरा. म-टा-स... मवरची मात्रा दिसली, मे-टा-स..., आणि त्यांनी स्टूल ओढलं.

पंडित जिना उतरून आला तेव्हा त्या अर्ध्यावर होत्या.

"आई, काय वाचतेस?"

"बस."

"ते तू... मी वाचून दाखवतो, आण."

"बस म्हटलं ना! आज मी वाचणार. तू ऐक."

तो बापाच्या स्टुलावर बसला. बाईंनी बोट ओळीखाली ठेवलं आणि त्याच्या देखत, एकेक अक्षर जोडत, मोठ्यानं वाचायला लागल्या. जिथं अडत तिथं थांबत, पुन्हा मागून येत. पंडित दर अडखळण्याला तोंडातल्या तोंडात पुढचा शब्द म्हणे आणि गप्प होई.

"मा-झी आई दु-सरी शि-क-ले-ली. स्थ-लां-तर म्हट-ल्या-वर ती हस-ली. ति-ला वा-ट-लं, भा-डे-करू खो-ली सो-डून गे-ला. रो-ग घर सो-डत ना-ही. तो त्या-च घ-रात ए-का खो-ली-तून दु-सऱ्या खो-लीत जा-तो, आ-णि मा-झ्या व-डि-लां-च्या हा-डांत तो रा-हा-यला आ-ला आ-हे. पा-व-सा-ळा ते पा-ह-णार ना-हीत. आई-ला हे ठा-ऊक ना-ही. ति-च्या अ... अ-ज्ञा..."

"अज्ञानाचा," पंडित कुजबुजला.

"ति-च्या अ-ज्ञा-ना-चा म-ला हे-वा वा-ट-तो."

बाईंनी बोट उचललं. शाई बोटाला लागली होती, ती त्यांनी पदराला पुसली.

"हे किती जणांच्या घरी गेलं?"

"आई..."

"आकडा विचारतेय."

"वीस हजार प्रती निघतात."

"म्हणजे वीस हजार घरांत तुला सोपं बोलता आलं. किती सोपं लिहिलंयस बघ. दुसरी शिकलेल्या बाईला कळलं."

"जीभ उचलत नव्हती गं," पंडित म्हणाला. "बाबा समोर बटणं लावत होते. तू इतकी खूश झालीस. म्हटलं, संध्याकाळी सांगू. मग म्हटलं, उद्या. आणि ते वाढतच गेलं. कागदावर लिहिता आलं, तोंडानं नाही जमलं. पण मी खोटं नाही बोललो. शब्दाचा अर्थ तोच आहे, अगदी शब्दशः."

"थोरलीचा फोन आला तेव्हाही जीभ उचलली नाही?"

तो टेबलावरची कात्रणं गोळा करायला लागला.

"तेव्हा तर बाप समोर नव्हता. मी होते. मी तुला विचारलं, बरोबर सांगतेय ना. तेव्हा नुसतं नाही म्हणायचं होतं. नाही हा शब्द कुठल्या ग्रीकाकडून आणावा लागत नाही."

पंडितानं तोंड ओंजळीत घेतलं. बाई त्याचं रडं थांबेपर्यंत थांबल्या. मग उठल्या, टेबलाला हात टेकून उभ्या राहिल्या आणि न्याय करायला बसलेलं माणूस बोलतं तशा, आवाज न चढवता बोलल्या.

"वर बघ. बापाला तू मारलं नाहीस, रोगानं मारलं. त्यातून तू सुटलास. पोकळ हाडांनी त्यांना जिना चढायला लावला तो मी, लाड पुरे म्हटलं तेही मी. एकदा विचारून गप्प बसले, कारण मला न कळलेलं तुला कळू द्यायचं नव्हतं. ते माझं आहे, मरेपर्यंत माझ्याकडे राहील, त्यात मी तुला वाटेकरी करणार नाही. पण बाप आणि लेक यांच्यात तीन महिने होते. ते तू खाल्लेस. आज संध्याकाळी ती उतरेल. स्टेशनवर तू जायचं. तिला थंड खोलीत तू न्यायचं, आणि तिथं, बापाच्या समोर, तिला का बोलावलं नाही ते तोंडानं सांगायचं. लिहून नाही. ती मारेल तर मार खायचा. आणि माझ्यापुरतं ऐकून ठेव. या घरात तुझी खोली राहील, तुझं ताट राहील, मी वाढीन. पण आजपासून मी तुला काही विचारणार नाही. जेवलास का, एवढंसुद्धा नाही."